वर्ड उघडलं की पुन्हा तीच चौकट: ऑफिसच्या इन्स्टॉलरचा पिच्छा मुळातून कसा सोडवायचा

वर्डच्या चिन्हावर दोनदा क्लिक केलं की फाइल उघडण्याऐवजी ‘विंडोज ऑफिस कॉन्फिगर करत आहे, कृपया थांबा’ अशा अर्थाची इंग्रजी चौकट येते. पट्टी सरकते, दोन-चार मिनिटं जातात, कधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करू का असंही विचारलं जातं. रीस्टार्ट केला तरी दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. बहुतेक जण इथे दोनपैकी एक करतात: रोज ‘कॅन्सल’ दाबून काम भागवतात, नाहीतर वैतागून अख्खं ऑफिस काढून पुन्हा टाकतात. पहिल्याने त्रास कधीच संपत नाही. दुसऱ्याने बऱ्याचदा अर्धा दिवस जातो आणि चौकट तशीच राहते.

ही चौकट व्हायरसची नाही आणि लायसन्स संपल्याचीही नाही. ती विंडोज इन्स्टॉलर या सेवेची आहे. एमएसआय पद्धतीने, म्हणजे एमएसआय प्रकारच्या इन्स्टॉलेशन फाइलमधून बसवलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा हिशोब ही सेवा ठेवते. सॉफ्टवेअर म्हणजे प्रॉडक्ट, त्याचे भाग म्हणजे फीचर आणि फीचरमधले सुटे तुकडे म्हणजे कंपोनंट. प्रत्येक कंपोनंटची एक खूण ठरलेली असते, तिला की-पाथ म्हणतात. ती खूण एखादी फाइल असते, एखादं फोल्डर किंवा रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली) एक नोंद. प्रोग्राम सुरू होताना खूण जागेवर दिसली नाही की सेवा आपणहून दुरुस्तीला बसते आणि तीच चौकट तुम्हाला दिसते.

चौकट एकदा आली तर बिघाड समजू नका. नवीन युजर खात्यातून पहिल्यांदा ऑफिस उघडताना ती येऊ शकते. दर वेळी येत असेल, तर एकतर दुरुस्ती शेवटपर्यंत जात नाही, नाहीतर पूर्ण होते आणि नंतर काहीतरी ती खूण पुन्हा पुसतं. या दोन्हींपैकी आपल्याकडे काय घडतंय, एवढंच आधी शोधायचं आहे.

सुरू करण्याआधी जवळ असू द्या

- अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड
- त्याच आवृत्तीची, त्याच भाषेची आणि त्याच बिटची (३२ किंवा ६४) ऑफिसची मूळ इन्स्टॉलेशन फाइल किंवा डिस्क
- २५ अक्षरांची प्रॉडक्ट की, किंवा सबस्क्रिप्शन असेल तर त्या खात्याचं लॉगिन
- विंडोजचा एक ताजा रीस्टोअर पॉइंट
- कागद आणि पेन. हसू नका, चौकट किती वाजता आली ते लिहून ठेवावं लागणार आहे.

खाली रजिस्ट्रीचे पत्ते आणि आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या.

१. चौकटीवर नाव कुणाचं आहे ते वाचा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. वर्ड उघडताना आलेली चौकट वर्डचीच असेल असं नाही. स्कॅनरसोबत आलेलं सॉफ्टवेअर, पीडीएफ बनवणारा प्रोग्राम, हिशोबाच्या पॅकेजने वर्डमध्ये घुसवलेलं बटण, यांच्यापैकी कुणाचाही तुकडा वर्डसोबत लोड होतो आणि त्याची खूण हरवलेली असली की चौकट वर्डच्या डोक्यावर येते. चौकटीत ऑफिसचं नाव नसेल तर ऑफिसला हात लावू नका. त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं रिपेअर करा, लागत नसेल तर काढून टाका.

नाव ऑफिसचंच असेल तर कोणत्या आवृत्तीचं तेही बघा. कॉम्प्युटरवर ऑफिस २०१६ वापरात आहे आणि चौकटीत २००७ लिहिलंय, म्हणजे जुन्या ऑफिसचे अवशेष मागे राहिले आहेत.

२. ऑफिस एमएसआय आहे की क्लिक-टू-रन?

एमएसआय ही जुनी पद्धत, क्लिक-टू-रन ही इंटरनेटवरून ऑफिस उतरवून आपणहून अपडेट करणारी नवी. दोन्ही पद्धतींचे उपाय वेगळे आहेत. २००७ आणि त्याआधीचं ऑफिस एमएसआय असतं. विंडोजसाठीचं २०१९ आणि त्यानंतरचं ऑफिस फक्त क्लिक-टू-रन पद्धतीने मिळतं. मधल्या २०१३ आणि २०१६ मध्ये दोन्ही प्रकार आहेत. ओळखायला वर्डमध्ये ‘फाइल’ आणि मग ‘अकाउंट’ उघडा. तिथे ‘अपडेट ऑप्शन्स’ हे बटण दिसलं तर क्लिक-टू-रन. नुसतं ‘अबाउट वर्ड’ असेल तर एमएसआय.

क्लिक-टू-रन ऑफिस विंडोज इन्स्टॉलरच्या या खुणांवर चालत नाही. म्हणून अशा कॉम्प्युटरवर कॉन्फिगर करण्याची जुनी चौकट येत असेल तर संशय शेजारच्या एमएसआयवर घ्या: जुनं व्हिजिओ, जुनं प्रोजेक्ट, अ‍ॅक्सेसचं रनटाइम किंवा अ‍ॅक्सेस डेटाबेस इंजिन. सॉफ्टवेअरच्या यादीत ते सापडतं.

३. इव्हेंट व्ह्यूअरला विचारा

खरं उत्तर इथेच मिळतं, आणि तेही फुकट. आधी वर्ड उघडा, चौकट आली की घड्याळातली वेळ लिहा आणि तिला एकदा पूर्ण होऊ द्या. मग:

स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधून उघडा. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘अ‍ॅप्लिकेशन’ निवडा. उजवीकडे ‘फिल्टर करंट लॉग’ दाबा. ‘इव्हेंट सोर्सेस’मध्ये ‘एमएसआय इन्स्टॉलर’वर टिक करा, ओके म्हणा आणि तुम्ही लिहिलेल्या वेळेच्या नोंदी बघा.

तुम्हाला १००१ आणि १००४ या दोन क्रमांकांच्या पिवळ्या इशारेवजा नोंदी हव्या आहेत. १००१ एवढंच सांगते की अमुक प्रॉडक्टचं तमुक फीचर तपासणीत नापास झालं. कामाची नोंद १००४. तिच्यात प्रॉडक्टचा क्रमांक, फीचरचं नाव आणि कंपोनंटचा क्रमांक असतो, आणि शेवटी ‘द रिसोर्स’ या शब्दांपुढे अवतरणचिन्हांत हरवलेल्या खुणेचा संपूर्ण पत्ता असतो. पुढे ‘डझ नॉट एक्झिस्ट’ असं लिहिलेलं असतं. हा पत्ता कॉपी करून ठेवा.

महिरपी कंसातला प्रॉडक्टचा क्रमांक भीतिदायक दिसतो, पण वाचता येतो. उदाहरणार्थ ९०१४००००-००११-००००-००००-०००००००एफएफ१सीई. शेवटची सहा अक्षरं बघा: शून्य, एफ, एफ, एक, सी, ई. शून्याला ओ आणि एकला आय समजून वाचलं की ‘ऑफिस’ होतं. कुणाच्या तरी डोक्यातून निघालेली ही गंमत आपल्या पथ्यावर पडते. २००७ आणि त्यानंतरच्या ऑफिसचा शेवट असाच असतो. सुरुवातीच्या दोन आकड्यांनंतरचे (इथे ९० नंतरचे) दोन आकडे आवृत्ती सांगतात: १२ म्हणजे २००७, १४ म्हणजे २०१०, १५ म्हणजे २०१३, १६ म्हणजे २०१६. १३ हा आकडा वगळलेलाच आहे. तिसरा गट भाषेचा असतो: ०४०९ म्हणजे अमेरिकन इंग्रजी, ०४४ई म्हणजे मराठी, चारही शून्यं म्हणजे कोणत्याही एका भाषेचं नाही. चौथ्या गटाचा पहिला आकडा ० असेल तर ३२ बिट, १ असेल तर ६४.

आता त्याच वेळेच्या आसपास ११७२८ क्रमांकाची नोंद आहे का बघा. ती कॉन्फिगरेशन यशस्वी झाल्याची पावती असते. १००४ नंतर दर वेळी ११७२८ येत असेल, तर दुरुस्ती होते आहे पण मागाहून कुणीतरी खूण पुसतंय. ती येतच नसेल तर दुरुस्ती अर्ध्यावर अडते आहे.

आणखी एक दृश्य कधीकधी दिसतं. एकाच मिनिटात १०३५ क्रमांकाच्या डझनावारी नोंदी, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरच्या नावांनी. हा ऑफिसचा दोष नाही. नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरांमध्ये काय काय बसवलंय याची यादी काढणारी एखादी स्क्रिप्ट ‘विन३२ प्रॉडक्ट’ हा वर्ग विचारते, आणि तो वर्ग यादी देताना प्रत्येक एमएसआयची तपासणी करायला लावतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला यादीसाठी रजिस्ट्रीतली ‘अनइन्स्टॉल’ शाखा वाचायला सांगा, काम तेच होतं आणि कुणाची झोपमोड होत नाही.

४. हरवलेली खूण जागेवर आणा

१००४ मधल्या पत्त्यावरून पुढचा मार्ग ठरतो.

पत्ता फोल्डरचा असेल, म्हणजे शेवटी उलटी तिरकी रेघ असेल, तर प्रकरण सगळ्यात सोपं. काही कंपोनंटची खूण म्हणजे नुसतं रिकामं फोल्डर असतं. ‘कचरा साफ करणारे’ प्रोग्राम रिकामी फोल्डरं निरुपयोगी समजून उडवतात. त्याच नावाचं फोल्डर त्याच जागी हाताने बनवा आणि साफसफाईच्या प्रोग्राममधला रिकामी फोल्डरं काढण्याचा पर्याय बंद करा. दुसरं काम विसरलात तर आठवड्याने पुन्हा इथेच याल.

पत्ता फाइलचा असेल तर अँटिव्हायरसची क्वारंटाइन यादी आधी बघा. फाइल तिथे नसेल तर ऑफिसचं रिपेअर तिला परत आणेल. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून डीएलएल उचलून आणू नका, आवृत्ती जुळली नाही तर चौकट जाऊन त्याजागी क्रॅश येतो.

पत्ता ‘एचकी करंट युजर’ने सुरू होत असेल तर खूण प्रत्येक युजरच्या स्वतःच्या रजिस्ट्रीत आहे. लॉगआउट केल्यावर प्रोफाइल कोरं होणाऱ्या कॉम्प्युटरांवर, म्हणजे प्रयोगशाळेत किंवा सामाईक टर्मिनलवर, ही खूण रोज बनते आणि रोज पुसली जाते. कितीही रिपेअर करा, उपयोग शून्य. ज्या मूळ प्रोफाइलवरून रोज नक्कल निघते त्यातून ऑफिस एकदा उघडून, दुरुस्ती पूर्ण होऊ देऊन, ते प्रोफाइल पुन्हा साठवावं लागतं.

पत्ता ‘एचकी लोकल मशीन’ने सुरू होत असेल आणि ११७२८ ची पावती येत नसेल, तर बहुतेक वेळा परवानगीचा घोळ असतो: इन्स्टॉलरला त्या नोंदीत लिहिताच येत नाही. खात्री करायला इन्स्टॉलरचा सविस्तर लॉग चालू करा. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, इन्स्टॉलर इथपर्यंत जा (शेवटचं फोल्डर नसेल तर बनवा) आणि ‘लॉगिंग’ नावाची स्ट्रिंग व्हॅल्यू तयार करून तिच्यात ‘व्हॉइस’ आणि ‘वॉर्मअप’ हे दोन इंग्रजी शब्द जोडून, मध्ये जागा न सोडता लिहा. वर्ड पुन्हा उघडा. टेम्प फोल्डरमध्ये एमएसआयने सुरू होणारी आणि लॉगने संपणारी नवी फाइल दिसेल. तिच्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा आणि तिथून काही ओळी वर वाचा. १४०२ म्हणजे रजिस्ट्रीची की उघडता आली नाही, १४०६ म्हणजे तिच्यात लिहिता आलं नाही, १३१० म्हणजे फाइल लिहिता आली नाही. कीचा पत्ता शेजारीच असतो.

ती की रजिस्ट्री एडिटरमध्ये शोधा, राइट-क्लिक करून ‘परमिशन्स’ उघडा आणि ‘सिस्टम’ व ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ या दोघांना ‘फुल कंट्रोल’ द्या. मालकीच दुसऱ्याकडे असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन आधी मालक बदलावा लागतो. एवढ्या एका कीपुरतंच करा. सगळ्या रजिस्ट्रीच्या परवानग्या एका झटक्यात मूळपदावर आणणारी ‘सेकएडिट’ची आज्ञा सुचवली जाते, आणि तिने चौकट जातेही. पण इतर सॉफ्टवेअरने आपल्यासाठी बदललेल्या परवानग्याही ती विस्कटून टाकते. उंदीर मारायला घर पेटवण्यातला प्रकार आहे.

५. दोन आवृत्त्या शेजारी नांदत असतील तर

२००३ आणि २००७, किंवा २००७ आणि २०१०, एकाच कॉम्प्युटरवर असतील तर लॉग चाळत बसू नका. वर्डची प्रत्येक आवृत्ती उघडताना ‘डॉक्युमेंटांचा धनी मीच’ अशी नोंद करते. दुसरी उघडली की ती नोंद पालटते. आलटून पालटून वापरलं की चौकटही आलटून पालटून येते.

उपाय रजिस्ट्रीतला एक आकडा. वर्ड बंद करा. एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, त्याखाली आवृत्तीचा क्रमांक (२००३ साठी ११.०, २००७ साठी १२.०, २०१० साठी १४.०), मग वर्ड, मग ऑप्शन्स. तिथे राइट-क्लिक करून नवी ३२ बिटची ‘डीवर्ड’ व्हॅल्यू बनवा. नाव ‘नोरीरेग’, स्पेलिंग एन, ओ, आर, ई, आर, ई, जी, सलग. किंमत १. दोन्ही आवृत्त्यांखाली हेच करा. पत्ता करंट युजरचा आहे, तेव्हा कॉम्प्युटर तिघं वापरत असतील तर तिघांच्या लॉगिनमधून करावं लागेल. एक्सेल कुरकुरत असेल तर वर्डच्या जागी एक्सेल धरून तेच.

अ‍ॅक्सेसचं मात्र वेगळं आहे. दोन आवृत्त्या आलटून पालटून उघडल्या की ते स्वतःची नोंद करायला वेळ घेणारच. एक आवृत्ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेणं हाच त्यावरचा शहाणपणाचा उपाय. नव्याने दोन्ही बसवायची वेळ आली तर आधी जुनी, मग नवी. उलट क्रमाने बसवलंत तर भांडण पहिल्या दिवसापासून.

६. ‘मूळ फाइल दाखवा’ असं म्हणत असेल तर

‘हे फीचर ज्या ठिकाणी आहे ते उपलब्ध नाही’ असं सांगून चौकट एमएसआय फाइलचं नाव मागते, किंवा १७०६ हा क्रमांक दाखवते. ऑफिस ज्या डिस्कवरून किंवा नेटवर्क फोल्डरवरून बसवलं होतं, ते आता जागेवर नसतं. ‘ब्राउझ’ दाबून त्याच आवृत्तीच्या मूळ इन्स्टॉलेशनमधल्या, मागितलेल्या नावाच्या फाइलपर्यंत नेऊन सोडा. जवळपासची दुसरी आवृत्ती किंवा दुसरी एडिशन चालत नाही: प्रोफेशनल मागितलं तर स्टँडर्ड दाखवून भागत नाही.

हे बहुतेकदा आपणच ओढवून घेतलेलं असतं. डिस्कवर जागा करायच्या नादात दोन फोल्डरांवर हात मारला जातो. एक, ड्राइव्हच्या मुळाशी लपलेलं ‘एमएसओ कॅश’, ज्यात ऑफिसने दुरुस्तीसाठी स्वतःची मूळ प्रत राखलेली असते. दोन, विंडोजच्या आतलं ‘इन्स्टॉलर’, ज्यात प्रत्येक एमएसआयची आणि पॅचची नक्कल असते. दुसरं उडवलंत तर नुसती चौकट येणार नाही, पुढे ते सॉफ्टवेअर अपडेटही होणार नाही आणि काढताही येणार नाही.

जुन्या ऑफिसमध्ये हे थोडं वेगळ्या रूपात भेटतं. इन्स्टॉल करताना काही भाग ‘पहिल्यांदा लागेल तेव्हा बसवा’ असे ठेवलेले असतात आणि मॅक्रो असलेली फाइल उघडली की डिस्कची मागणी होते. सॉफ्टवेअरच्या यादीतून ‘चेंज’, मग ‘फीचर्स वाढवा किंवा काढा’, आणि सगळ्यात वरच्या नावावर क्लिक करून ‘सगळं माझ्या कॉम्प्युटरवरून चालवा’. एकदा डिस्क द्यायची, पुन्हा कधी नाही.

७. अ‍ॅड-इनची शहानिशा

कंट्रोल बटण दाबून धरून वर्डवर दोनदा क्लिक करा, सेफ मोडबद्दल विचारलं की हो म्हणा. चौकट आली नाही तर दोष अ‍ॅड-इनचा, म्हणजे वर्डला जोडलेल्या एखाद्या जादा प्रोग्रामचा. नेहमीसारखं वर्ड उघडून ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅड-इन्स’, खाली ‘मॅनेज’मध्ये ‘कॉम अ‍ॅड-इन्स’ निवडून ‘गो’. सगळ्या टिका काढा, मग एकेक परत लावत वर्ड बंद-चालू करा.

८. रिपेअर, आणि अगदी शेवटी काढून टाकणं

एमएसआय असेल तर सॉफ्टवेअरच्या यादीतून ‘चेंज’ आणि ‘रिपेअर’. वर्ड, एक्सेल, आउटलुक सगळं बंद करून, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून. क्लिक-टू-रन असेल तर आधी ‘क्विक रिपेअर’, ते इंटरनेटशिवाय होतं. नाही भागलं तर ‘ऑनलाइन रिपेअर’, त्याला इंटरनेट लागतं आणि ते जवळजवळ नव्याने बसवण्याइतकंच असतं.

काढूनच टाकायचं ठरलं तर आधी ‘अ‍ॅपडेटा’च्या ‘रोमिंग’मधल्या ‘मायक्रोसॉफ्ट’ फोल्डरातून ‘टेम्प्लेट्स’, ‘सिग्नेचर्स’ आणि ‘यूप्रूफ’ ही तीन फोल्डरं बाजूला काढा. पहिल्यात नॉर्मल टेम्प्लेट, दुसऱ्यात मेलच्या सह्या, तिसऱ्यात तुम्ही शब्दकोशात घातलेले शब्द असतात. आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल वेगळी काढा. मग साधं अनइन्स्टॉल न करता मायक्रोसॉफ्टचं ऑफिस काढण्याचं अधिकृत साधन वापरा. साध्या पद्धतीत जुन्या खुणा मागे राहतात आणि नव्या ऑफिसलाही तीच बाधा होते.

एक हमखास सांगितला जाणारा तोडगा टाळा: ‘कॉमन फाइल्स’मधल्या ‘ऑफिस सेटअप कंट्रोलर’ फोल्डरातल्या सेटअप फाइलचं नाव बदलायचं. चौकट लगेच गायब होते, कारण ती दाखवणारा प्रोग्रामच सापडत नाही. पुढचं अपडेट, रिपेअर किंवा अनइन्स्टॉल करायला जाल तेव्हा तो नसल्याचं कळेल, आणि आपण कधीतरी नाव बदललं होतं हे तोवर कुणाच्याच लक्षात नसेल. विंडोज इन्स्टॉलर सेवा बंद करणंही त्यातलंच.

९. गेली का ते तपासा

वर्ड लागोपाठ तीनदा उघडा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करून चौथ्यांदा. कॉम्प्युटरवर इतर खाती असतील तर प्रत्येकातून एकदा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १००४ ची नवी नोंद दिसली नाही तर सुटलात. पत्ता बदलून नवी १००४ आली असेल तर आधीच्या खुणेमागे दुसरी हरवलेली खूण लपली होती, चौथ्या पायरीवर परत जा. एकामागून एक दोन-तीन खुणा निघणं नेहमीचं आहे. आणि सविस्तर लॉग चालू केला असेल तर ‘लॉगिंग’ ही व्हॅल्यू आठवणीने पुसा, नाहीतर प्रत्येक इन्स्टॉलेशनला टेम्पमध्ये नवी फाइल साचत राहील.